टिटवीचा तळ

"तळाला किती हात द्यावे लागतील, चाचा?"

"दोन."

"दोनच?"

"तुमचे दोन."

कॅप्टन सदानंद मोहिले हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की म्हातारा हसत नाहीये.

इस्माईल होडेकर खाडीकाठच्या उंडीच्या झाडाखाली फळीवर बसले होते. वय ऐंशीच्या आगेमागे. करंजवेळ बंदरात होडीची फळी बसवता येणारी जेवढी माणसं होती, त्यातल्या निम्म्यांनी ती विद्या त्यांच्या हाताखाली घेतलेली. गाव त्यांना चाचा म्हणायचं. कॅप्टनही म्हणत.

समोर ट्रेलरवर 'टिटवी' उभी होती. अठरा फुटांची, पांढरी, शिडाची बोट. जीपच्या मागे जोडून कुठेही नेता यावी अशी. वरून बघितलं तर नवी कोरी. वाकून बघितलं तर पोटाला नखाएवढे पांढरे शिंपले, एकाला एक चिकटून, बोटभर जाडीचा थर. जानेवारीपासून ते तिथेच वाळले होते. पावसाळाभर बोट कॅप्टनच्या अंगणात ताडपत्रीखाली होती आणि आता ऑक्टोबर लागला होता.

"माणसं लावा ना चाचा दोन. मी रंग आणलाय. अँटिफाउलिंग. चांगल्यातला. काय लागेल ते सांगा, मी बसतो इथे."

"मी बसलोय इथं." चाचांनी बाजूची खरवडणी उचलली आणि पुढे केली. "दोघं बसलो तर खरवडणार कोण?"

कॅप्टनना राग आला. एकसष्ट वर्षांचा माणूस. चौतीस वर्षं समुद्रावर काढलेला, त्यातली चौदा कप्तान म्हणून. तीनशे मीटर लांबीची तेलाची जहाजं त्यांनी अरबी आखातातून जपानपर्यंत नेली होती. सेवानिवृत्तीनंतर बायकोला घेऊन ते गावच्या घरी आले, आणि हौसेने ही बोट घेतली.

पण बंदरात दुसरं कुणी हे काम करणारं नव्हतं. बाकीच्यांना विचारून झालं होतं. सगळ्यांनी एकच सांगितलं, चाचांना विचारा.

त्यांनी खरवडणी घेतली.

पहिला दिवस पाठीवर गेला. ट्रेलरखाली गोणपाट टाकायचं, उताणं पडायचं, हात वर करून खरवडायचं. शिंपल्यांचा चुरा गळ्यात, कानात. दहा मिनिटांत खांदा भरून यायचा. चाचा वरून अधूनमधून एकेक शब्द टाकत.

"आडवं."

थोड्या वेळाने, "दाबू नका. सरकवा."

दुपारी चाचा नमाजाला उठले. परत आले तेव्हा कॅप्टन बाहेर येऊन पाणी पीत होते.

"चाचा, एक विचारू? हा रंग किती वर्षं टिकतो?"

"टिकत नाय."

"म्हणजे?"

"पाण्यात टाकला की सुटायला लागतो. रोज थोडा."

"मग टिकणारा लावू. मिळतो तसलाही. कडक, चकचकीत. मी चौकशी केलीय."

"तो वर लावा. लोकांना दिसेल तिथं." चाचांनी पाण्याची बाटली त्यांच्या हातून घेतली. "खाली जाणाराच लागतो."

"जाणारा रंग लावायचा कशाला मग?"

"शिंपला येऊन बसतो... आणि ज्याच्यावर बसला तेच सुटून जातं."

हे कॅप्टनना पुस्तकातून माहीत होतं. रंगात तांबं असतं, रंग हळूहळू विरघळतो, त्यामुळे काही चिकटत नाही. त्यांच्या जहाजांनाही तोच रंग असायचा. दर अडीच-तीन वर्षांनी जहाज सुक्या गोदीत जायचं, कंत्राटदार यायचे, आठवड्यात सगळं उरकायचं. कॅप्टन त्या आठवड्यात घरी असत.

"तुमच्या त्या मोठ्या जहाजांचा तळ कधी बघितलात?" चाचांनी विचारलं.

हाच प्रश्न त्यांनी मागच्या नोव्हेंबरातही विचारला होता. टिटवी तेव्हा खाडीतच नांगरलेली असायची. चाचा धक्क्यावरून म्हणाले होते, कप्तान, बोट सावकाश चाललीय, तळ बघा एकदा. कॅप्टन म्हणाले होते, चाचा, बोट नवी आहे, मी तीनशे मीटरची जहाजं चालवलीत. त्यावर चाचांनी हे विचारलं होतं, आणि कॅप्टन हसून पुढे निघून गेले होते.

या वेळी त्यांनी उत्तर दिलं.

"फोटोत बघितलाय."

चाचांनी मान हलवली. टोमणा नव्हता तो. नोंद करून घेतल्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी घासकाम. पाण्यात भिजवलेला घासकागद, गोल नाही, लांब. मग गोड्या पाण्याने तळ धुवायचा, मग वाळू द्यायचा, मग अस्तर. संध्याकाळपर्यंत बोटीचं पोट राखाडी झालं. कॅप्टनचे दोन्ही हात खांद्याच्या वर जाईनात. घरी बायकोने शर्टाची बटणं काढायला मदत केली. डाव्या हाताने. उजवं मनगट जानेवारीत मोडलं होतं, आणि बसताना जरा वाकडं बसलं होतं.

"फार लागतंय का?" वृंदाताईंनी विचारलं.

"छे."

बोटीबद्दल वृंदाताई जानेवारीनंतर बोलतच नसत.

तिसऱ्या दिवशी कॅप्टननी रंगाची सीमा आखायला कागदी पट्टी आणली. कंपनीच्या पुस्तकात पाण्याची रेषा दिली होती. त्यांनी मोजपट्टी धरून, मिलिमीटर मोजत, पट्टी चिकटवली. सुंदर चिकटवली. एक सुरकुती नाही.

चाचा आले आणि पट्टीकडे बघत राहिले.

"ही रिकाम्या बोटीची रेघ."

"पुस्तकात तीच आहे."

"रिकामी बोट कुठं जाते?"

कॅप्टननी हिशोब सुरू केला. "माझे ऐंशी किलो. नांगर, दोर, पाण्याचे दोन कॅन..."

"बाईंचं धरलंत?"

कॅप्टन पट्टीच्या टोकाशी चाळा करू लागले.

"ती येत नाही आता."

समुद्राच्या बाजूने एक मच्छीमार बोट आत येत होती, तिचं इंजिन टकटक करत जवळ आलं आणि पुढे गेलं.

"चार बोटं वर लावा," चाचा म्हणाले.

कॅप्टननी ती सुंदर पट्टी उचकटली आणि चार बोटं वर लावली.

मग रंगाचा डबा. कॅप्टननी झाकण उघडलं, काठीने दोन मिनिटं ढवळलं आणि ब्रश बुडवायला गेले.

"काठी वर काढा."

त्यांनी काढली. काठीच्या टोकाला दाट असं काहीच लागलं नव्हतं. वरवरचा पातळ तांबडा रंग होता. तांबं खाली, डब्याच्या बुडाशी, चिखलासारखं बसलं होतं.

"मी नमाज पढून येतो," चाचा म्हणाले. "तोवर ढवळा."

"तोवर?"

"थांबू नका."

कॅप्टन ढवळत बसले. पहिल्या पाच मिनिटांत त्यांना वाटलं, आपली थट्टा चाललीय. दहा मिनिटांनी काठी जड लागायला लागली. मग बुडाचा गाळ हळूहळू सुटला आणि रंग दाट, विटेसारखा होत गेला. चाचा परत आले, काठी वर काढली, तिच्यावरून रंग सलग ओघळला. त्यांनी "हं" केलं.

"आधी हा तांबडा," चाचा म्हणाले. "तो वाळला की वरून निळा. निळ्यातून तांबडा डोकावला की समजायचं, वेळ झाली."

हे कॅप्टनना आवडलं. खूण असलेली पद्धत. त्यांनी मन लावून तांबडा हात दिला, दुसऱ्या दिवशी सकाळी निळा. तळाखाली उतरणाऱ्या पात्याच्या कडेला, सुकाणूच्या कडेला, जिथे पाणी जास्त घासतं, तिथे चाचांनी सांगायची वाट न बघता स्वतःच जास्तीचा हात दिला. दुपारपर्यंत टिटवी अशी दिसायला लागली की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघू लागली.

कॅप्टननी ब्रश धुतला. पाठ सरळ केली.

"झालं, चाचा."

चाचा उठले. बोटीभोवती एक फेरी मारली. रंगाकडे त्यांनी बघितलंच नाही. ते ट्रेलरकडे बघत होते. बोट ज्यावर टेकते त्या चार फळ्या, वरून जाड गादी लावलेल्या. एका फळीवर त्यांनी बोटाने टकटक केलं.

"इथं?"

"तिथे बोट टेकलीय. रंग लागणार कसा?"

दुसऱ्या फळीवर टकटक.

"इथं?"

"चाचा, चार तळहातांएवढ्या जागा आहेत. सगळ्या मिळून. आणि कुणाला दिसणारही नाहीत."

"शिंपल्याला किती जागा लागते?"

"बोट उचलावी लागेल," कॅप्टन म्हणाले.

"होय."

"परवा पाण्यात टाकायचीय. भरती चांगली आहे परवा."

"होय."

चाचा फळीवर जाऊन बसले. कॅप्टननी जीपमधून जॅक काढला. ठोकळे आणले. एका बाजूने बोट तसूभर उचलायची, ठोकळा सारायचा, पुन्हा तसूभर. अर्धा तास गेला. पुढची डावी फळी मोकळी झाली. त्यांनी गोणपाट सरकवलं आणि खाली शिरले.

गादीखाली जानेवारी तसाच होता.

शिंपले बोटीच्या वजनाने दबले होते, वरची कवचं फुटली होती, पण बुडं एक अन् एक जागेवर. पावसाळ्याची ओल तिथे कुजली होती. वास आला. कॅप्टननी हात लावून बघितलं आणि कडा तळव्यात घुसली. रक्ताची बारीक रेघ आली.

त्यांनी खरवडायला घेतलं. दोनदा खरवडणी सरकवली आणि थांबले.

बाजूला चाचांचे पाय दिसत होते. सुरकुतलेले, धुळीने भरलेले.

"चाचा."

"हं."

"त्या दिवशी वारा पडला नव्हता."

पाय हलले नाहीत.

"मी सगळ्यांना सांगितलं, वारा पडला म्हणून. पडला नव्हता. आम्ही पलीकडच्या वाळूच्या पुळणीवरून जेवून परत येत होतो. चांगला वारा होता, मागून. शीड भरलं होतं. बोट पुढेच जाईना. चिखलात अडकल्यासारखी. ओहोटी बाहेर ओढत होती. खडपांकडे, त्या काळ्या खडकांकडे, सरकायला लागलो आणि मी..."

खरवडणी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी घाबरलो. हिच्यावर ओरडलो. शिडाचा दांडा फिरला, ती पडली."

"मला ठाऊक आहे."

"काय?"

"वाऱ्याचं. मी इथंच होतो. ताडपत्री उडत होती, चार दगड ठेवले."

कॅप्टन ट्रेलरखालून बाहेर आले. केसांत शिंपल्यांचा चुरा होता.

"नऊ महिने तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"आणि बोलला नाहीत कधी?"

"मला कुठं लागलं होतं?" चाचा म्हणाले.

तळव्यावरचं रक्त कॅप्टननी पँटला पुसलं.

"बाईंना सांगितलंत?"

"नाही."

चाचा उठले. रंगाच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि वरून तळहाताने ठोकून बसवलं.

"का? अजून चार तास उजेड आहे."

"एवढं खरवडून घ्या. रंग उद्या."

ते काठी टेकत घराकडे निघून गेले. कॅप्टननी चारही जागा खरवडल्या. एकामागून एक, जॅक लावून, ठोकळे सरकवून. घासल्या, धुतल्या, आणि पाचच्या सुमाराला घरी आले.

वृंदाताई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. मोड आलेले, कोमट पाण्यात भिजवलेले. बिरड्याचा बेत होता. डाव्या हाताच्या चिमटीत दाबून त्या दाणा बाहेर काढत होत्या. उजवा हात मांडीवर होता.

कॅप्टन पायरीवरच बसले.

"वृंदा, त्या दिवशी वारा पडला नव्हता."

त्यांनी दाणा भांड्यात टाकला. पुढचा घेतला.

"बोटीचा तळ शिंपल्यांनी भरला होता. म्हणून ती चालत नव्हती. इस्माईलचाचांनी मला आधी सांगितलं होतं, तळ बघा. मी बघितला नाही."

"आधी म्हणजे कधी?"

"नोव्हेंबरात."

"म्हणजे आपण गेलो त्याच्या आधी दोन महिने."

"हो."

शेजारच्या आवारात कुणीतरी नारळ सोलत होतं.

"मला वाटत होतं माझ्यामुळे झालं," वृंदाताई म्हणाल्या.

कॅप्टननी वर बघितलं.

"तुम्ही ओरडलात ना, डावीकडे हो म्हणून. मला कळलंच नाही डावीकडे म्हणजे कुठे. मी तुमच्याकडे तोंड करून बसले होते. माझं डावं की तुमचं डावं, एवढा विचार करेपर्यंत तो दांडा आला." त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, जणू बाजारातून आणायच्या गोष्टी सांगतायत. "मला वाटलं, मी वेळेवर हलले असते तर बोट सरळ गेली असती. तुम्ही चौतीस वर्षं जहाजावर काढलीत, आणि माझ्यामुळे सगळ्या गावासमोर तुम्हाला दोर बांधून ओढून आणावं लागलं. म्हणून मी विषयच काढत नव्हते."

"वृंदा..."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

कॅप्टनना काहीतरी बोलायचं होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी वादळात हुकूम दिले होते, मेलेल्या खलाशांच्या घरी फोन केले होते. शब्द कधी अडले नव्हते.

"तुझी काहीही चूक नव्हती," ते शेवटी म्हणाले. "काहीही नाही. डावं कळलं असतं तरी बोट गेली नसती."

वृंदाताईंनी भांड्यात बघितलं. मग डोळे पुसले, मनगटाच्या मागच्या बाजूने, त्या वाकड्या. आणि वालांची परात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"उरलेले तुम्ही सोला. माझा हात दुखतोय."

आत गेल्या. नऊ महिन्यांत हात दुखतोय असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या.

कॅप्टन अंधार पडेपर्यंत वाल सोलत होते. अर्धे चिरडले.

त्या रात्री जेवताना त्या बोलल्या नाहीत. सकाळी चहा दिला तेव्हाही नाही. कॅप्टन निघाले, फाटकापर्यंत गेले, तेव्हा मागून हाक आली.

"ते शिंपले सगळे निघाले का?"

"निघाले."

"बरं."

त्या दिवशी चार जागांना अस्तर लागलं आणि तांबडा हात. चाचांनी काही विचारलं नाही. कॅप्टननीही आपण होऊन सांगितलं नाही. पण डबा उघडताना चाचांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि ढवळायची काठी काही न बोलता पुढे केली. निळा हात पहाटे उठून दिला. बोट वाळत ठेवली आणि भरतीची वाट बघत दोघं उंडीखाली बसले.

अकराच्या सुमाराला वृंदाताई रस्त्याच्या वळणावर दिसल्या. हातात डबा. छत्री उन्हासाठी.

चाचा उठून उभे राहिले. "या बाई."

"बसा चाचा. तुमच्यासाठी पण आणलंय. बिरडं आहे. परवाचं बिघडलं, ह्यांनी सगळे दाणे मोडले, म्हणून आज पुन्हा केलं."

त्यांनी डबा फळीवर ठेवला, छत्री मिटली आणि बोटीजवळ गेल्या. पदर खोचून वाकल्या, खाली बघितलं. कॅप्टन शेजारी येऊन उभे राहिले.

"कुठे होते?"

"सगळीकडे. हे इथून तिथपर्यंत. आणि ह्या फळ्यांखाली शेवटचे."

वृंदाताईंनी हात लांब करून निळ्या रंगाला बोटाचं टोक लावलं. गुळगुळीत नव्हता तो. जरासा खरखरीत, खडूसारखा. बोटाला निळं लागलं.

"सुटतोय हा रंग."

"सुटायलाच हवा," कॅप्टन म्हणाले.

त्यांनी बोटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

भरतीने पाणी उतारावर वर आलं. कॅप्टननी जीप मागे घेतली, ट्रेलरची चाकं पाण्यात गेली, आणि टिटवी फळ्यांवरून सुटून अलगद तरंगायला लागली. निळा रंग पाण्याखाली गेला. पट्टी काढलेल्या जागी, पाण्याच्या वर, निळ्याची चार बोटं रुंद पट्टी दिसत होती.

"रेघ फार वर राहिली," कॅप्टन म्हणाले.

वृंदाताईंनी चपला काढल्या. गुडघाभर पाण्यात उतरल्या, डाव्या हाताने बोटीची कड धरली.

"मी खाडीतल्या त्या खांबापर्यंतच येणार. पुढे नाही."

"खांबापर्यंतच."

"आणि डावं कुठलं ते आधी सांगा."

कॅप्टननी त्यांना हात देऊन वर घेतलं. मग त्यांच्या खांद्याला धरून पुढे तोंड करून बसवलं.

"बोटीचं डावं म्हणजे पुढे बघणाऱ्याचं डावं. तू कुठेही तोंड करून बसलीस तरी. हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," वृंदाताई म्हणाल्या.

शीड वर गेलं. वारा बेताचाच होता, कपडे वाळतील एवढा. टिटवी खांबापर्यंत गेली. खांबाला वळसा घातला. तिथून परत यायला हवं होतं, पण वृंदाताईंनी काही म्हटलं नाही, म्हणून कॅप्टननी आणखी थोडी पुढे नेली, खाडीच्या तोंडापर्यंत नाही, त्याच्या अलीकडे. एकदा त्या स्वतःहून डावीकडे सरकल्या. एकदा म्हणाल्या, हळू. त्यांनी हळू केली.

परत आले तेव्हा चाचा धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसून जेवत होते. बोटी आल्या-गेल्या तरी त्यांचं लक्ष जेवणावर होतं. वृंदाताई उतरल्या, साडीचा काठ पिळायला गेल्या, जमेना, तशाच पाय धुवायला नळाकडे गेल्या.

कॅप्टननी दोर बांधला आणि चाचांच्या खालच्या पायरीवर बसले. बोट समोर हलत होती. तिचा तळ आता दिसत नव्हता.

"चाचा, आता तळ कधी बघायचा?"

चाचांनी शेवटचा घास घेतला. खाडीत हात बुडवून धुतला.

"तांबडा दिसला की, असं तुम्हीच म्हणालात," कॅप्टन म्हणाले. "पण तांबडा दिसायला आधी बघायला तर पाहिजे. महिन्याने? दोन महिन्यांनी? दिवस ठरवून द्या मला. मी लिहून ठेवतो."

"लिहू नका."

"मग कळणार कसं?"

चाचांनी ओला हात लुंगीला पुसला आणि उठायला म्हणून कॅप्टनच्या खांद्याचा आधार घेतला.

"ज्या दिवशी वाटेल, आज बघायला नको..." ते म्हणाले, "त्या दिवशी."